शोभेच्या गवताची रोपे: प्लग ट्रे विकत घ्यावेत, की घरच्या ठोंबांच्या कांड्या लावाव्यात?

होटगी रस्ता (प्रश्न)

नमस्कार. सोलापूर शहराबाहेर, होटगी रस्त्याच्या बाजूला आमची एक लहान रोपवाटिका आहे. डाळिंबाची गुटी कलमे, शेवगा, कडुनिंब आणि हंगामी फुलझाडे हे आमचे नेहमीचे काम. शोभेच्या गवतांत आम्ही नवखे आहोत. जुळे सोलापुरात उभ्या राहिलेल्या एका गृहसंकुलाच्या कुंपणालगतच्या पट्ट्यासाठी गवताची १२०० रोपे जूनअखेर द्यायची आहेत आणि आराखड्यात लाल फाउंटन गवत, म्हणजे पेनिसेटम सेटेशियम 'रुब्रम', असे नाव घालून मागणी केलेली आहे. आता जानेवारी संपत आला आहे.

आमच्याकडे या लाल गवताचे ४० जुने, चांगले फुगलेले ठोंब जमिनीत आहेत. त्याशिवाय लाल गवताचे छायाचित्र असलेली बियांची काही पाकिटे आणली आहेत, आणि बाहेरगावच्या एका रोपवाटिकेने प्लग रोपांचा, म्हणजे लहान कप्प्यांत वाढवलेल्या रोपांचा, एक ट्रे नमुना म्हणून पाठवला आहे. ठोंबांच्या कांड्या जास्वंदीच्या काड्यांप्रमाणे कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावून पाहिल्या. त्यांना हिरवा कोंब येतो, दोन पानेही उलगडतात, आणि त्यानंतर सारी कांडी वाळून जाते. उपटून पाहिल्यास खाली एकही मूळ नसते. मुळे फुटण्यासाठीच्या संजीवकाची भुकटी लावलेल्या आणि न लावलेल्या कांड्यांत काही फरक दिसला नाही.

तेव्हा जाणकारांना विचारतो: या गवताची कांडी खरोखर लागते का, आणि लागत असल्यास दांड्याच्या कोणत्या भागाची घ्यावी? पाकिटांतले बी पेरण्यात अर्थ आहे का? प्लग ट्रेमधील रोप पिशवीत हलवण्याची वेळ कशी ओळखावी? आमचे पाणी बोअरचे असून जड आहे, हेही ध्यानात घ्यावे ही विनंती.

एकडोळा (माळशिरस तालुका)

नमस्कार. मी मूळचा ऊस रोपवाटिकेतला माणूस. बागकाम ठेकेदारांच्या मागणीमुळे शोभेच्या गवतांकडे वळलो. ऊस हेही गवतच असल्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला या कामातला निम्मा भाग आधीच ठाऊक असतो, फक्त तो इथे लागू पडतो हे लक्षात येत नाही.

जास्वंद किंवा डाळिंबाची काडी आणि गवताची कांडी यांत मूलभूत फरक आहे. डाळिंबाच्या काडीत सालीखाली वाढीचा थर असतो, कापलेल्या टोकाशी गाठ धरते आणि मुळे बहुधा त्या टोकाजवळून निघतात, म्हणून तिथे संजीवकाचा उपयोग होतो. गवताच्या दांड्यात असा थर नसतो. त्याची मुळे फक्त पेऱ्यावरून, म्हणजे डोळ्याच्या जागी असलेल्या वलयातून फुटतात, आणि त्यांची सुरुवात तिथे आधीच झालेली असते. उसाच्या कांडीवर डोळ्यालगत बारीक ठिपक्यांचा पट्टा दिसतो, तो हाच. त्यामुळे पेऱ्यापासून चार बोटे खाली कापून ते टोक कोकोपीटमध्ये खोचले आणि पेरे वरच राहिले, तर जमिनीत गेलेला भाग नुसता कुजतो. पेरे मातीत गाडलेले आणि ओलाव्याला चिकटलेले असणे ही पहिली अट आहे. भुकटी लावली काय आणि न लावली काय, त्याने फार बिघडत नाही.

आता कोंब येऊन वाळतो त्याविषयी. डोळा फुटतो तो कांडीत साठलेल्या साखरेच्या बळावर, त्यासाठी मूळ लागत नाही. उसात प्रथम बेण्याच्या पेऱ्यावरची तात्पुरती मुळे येतात आणि नंतर नव्या कोंबाच्या बुडाशी त्याची स्वतःची जाड, पांढरी मुळे फुटतात. रोप खऱ्या अर्थाने जगते ते या दुसऱ्या मुळांवर. आपल्या कांड्यांत साखर संपेपर्यंत ना पहिली मुळे आली, ना दुसरी. याचे कारण दोनपैकी एक असावे, पेरे उघडे राहिले असतील किंवा दांडे तुरा येऊन गेलेले असतील. तुरा आलेल्या दांड्याने आपला साठा कणसाला दिलेला असतो, म्हणून तसला दांडा कितीही जाड दिसला तरी बेणे म्हणून घेऊ नये.

मग दांडा कोणता घ्यावा? अगदी कोवळ्या फुटव्याला पेरी लांबलेलीच नसतात, तो म्हणजे नुसत्या पानांच्या आवरणांची पुंगळी असते, आणि त्याची कांडी होत नाही. दांडा बोटांत धरून चाचपला की आत दोन-तीन गाठी लागल्या पाहिजेत, परंतु तो पोटरीत आलेला नसावा. ज्वारी पोटरीत आली की वरचे पान फुगते, तीच खूण इथेही पाहावी. ही मधली अवस्था थोडेच दिवस टिकते, त्यामुळे एकाच दिवशी सगळे ठोंब कापून काढण्यापेक्षा आठवड्याच्या अंतराने फेरी मारून लायक दांडे तेवढे काढणे बरे. आणखी एक गोष्ट: कणीस ज्या सर्वांत वरच्या लांब कांड्यावर येते त्यावर डोळा नसतो, ते टाकूनच द्यावे. बुडाकडची आणि मधली पेरी घ्यावीत.

कांडी दोन पेऱ्यांची ठेवावी. खालच्या पेऱ्याखाली बोटाच्या एका पेराएवढेच टोक सोडून धारदार कात्रीने कापावे. खालच्या पेऱ्यावरचे पानाचे आवरण उसाचे पाचट काढतो तसे हाताने, डोळ्याला नख न लावता सोलून घ्यावे, कारण त्या आवरणाच्या आत पाणी साचते आणि कूज तिथूनच सुरू होते. वरच्या पेऱ्याचे पान एक तृतीयांश ठेवून छाटावे. उसाच्या बेण्याला करतो तशीच प्रक्रिया करावी, म्हणजे लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटे बुडवून, हातमोजे घालून, मग लावाव्यात. लावताना डोळ्याचे टोक वर आले पाहिजे. उलटी कांडी क्वचित फुटते, पण तिचे रोप कधी सरळ होत नाही.

माध्यम म्हणून नुसते कोकोपीट मला पसंत नाही, ते वर कोरडे दिसते आणि खाली चिखल असतो. धुतलेले कोकोपीट आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा धुतलेली जाड वाळू निम्मी-निम्मी घ्यावी, ५० कप्प्यांचा ट्रे घ्यावा, आणि ट्रे जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवावा. पहिले दोन आठवडे पानांवर दमटपणा हवा, मात्र माध्यम गच्च भिजलेले नको. झारीने दिवसातून दोनदा भिजवणे म्हणजे कुजवणेच. फॉगर (धुक्यासारखा बारीक फवारा) नसल्यास बांबूच्या कमानीवर पातळ प्लास्टिक टाकून वरून शेडनेट घालावी आणि दुपारी एक बाजू उचलून वारा द्यावा.

साधारण तीन ते चार आठवड्यांत रोप धरते. ट्रे हलवण्याची घाई मात्र करू नये: कोंबाला तीन पाने येऊन त्याच्या बुडाशी नवी पांढरी मुळे दिसली, म्हणजेच ते बेण्यावर अवलंबून राहिलेले नाही असे समजावे. सोलापूरच्या हवेत याला सर्वांत योग्य काळ फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य हा आहे. जानेवारीत रात्री गार असल्याने डोळा सुस्त असतो, आणि एप्रिल लागला की प्लास्टिकखाली कांडी शिजते.

सावलीपट्टा (विजापूर रस्ता)

वर दिलेली माहिती नेमकी आहे, तरी १२०० रोपांची जबाबदारी केवळ कांड्यांवर टाकू नये असे माझे मत आहे. लाल फाउंटन गवत ठोंब फोडून अतिशय खात्रीने वाढते, आणि ४० जुने ठोंब असताना तो मार्ग सोडण्याचे कारण नाही. ठोंब जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर छाटावा, उचलावा आणि करवतीने फोडावा. प्रत्येक तुकड्यात किमान चार-पाच फुटवे आणि त्यांची मुळे आली पाहिजेत. ठोंबाचा मध्यभाग बहुधा मेलेला, लाकडासारखा असतो, तो फेकून द्यावा आणि कडेचे जोमदार फुटवे घ्यावेत. दोन फुटव्यांचे बारीक तुकडे केल्यास आकडा वाढतो, परंतु मे महिन्यात तोच आकडा आपोआप खाली येतो.

बियांविषयी स्पष्टच सांगतो. 'रुब्रम' या वाणाला फलद्रूप बी धरत नाही. तो कांडीने, ठोंबाने किंवा ऊतीसंवर्धनानेच वाढवला जातो. त्यामुळे पाकिटावर छायाचित्र कोणतेही असो, आतले बी या वाणाचे असू शकत नाही. त्यातून साध्या हिरव्या फाउंटन गवताची रोपे निघतील. आराखड्यात लाल लिहिलेले असताना ती देणे म्हणजे देयक अडकवून घेणे होय.

बियांपासून लाल-जांभळे गवत हवेच असेल तर शोभेच्या बाजरीचा विचार करता येतो. 'पर्पल मॅजेस्टी' या संकरित बाजरीला २००३ साली अमेरिकेतील ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचे सुवर्णपदक मिळाले. बाजरीच्या या मुलुखात तिला वेगळे काही शिकवावे लागत नाही. मात्र ती एका हंगामाची आहे, संकरित असल्याने घरचे बी धरून पुढच्या वर्षी तसेच रोप मिळत नाही, आणि शेडनेटखाली ती हिरवीच राहते, तिचा जांभळा रंग उघड्या उन्हातच चढतो. ट्रेमध्ये तिची मुळे आवळली गेली तर ती गुडघ्याएवढी होण्याआधीच कणीस टाकते आणि नंतर कितीही खत घातले तरी वाढत नाही. कायमच्या पट्ट्यासाठी मी ती सुचवणार नाही. प्रवेशद्वाराजवळच्या कुंड्यांत ती शोभते.

प्लग रोपांबाबत आपण विचारले आहे. रोप ट्रेमधून बुडाशी धरून हलकेच ओढावे. माध्यमाचा गोळा न सुटता अखंड बाहेर आला आणि कडेने पांढरी मुळे दिसली, की त्याच आठवड्यात ते पिशवीत हलवावे. गोळा सुटला तर अजून वेळ आहे. मुळे तपकिरी होऊन गोळ्याभोवती गुंडाळली गेली असतील तर वेळ निघून गेली आहे. असा ट्रे विकत घेऊ नये, आणि घेतलाच तर गोळ्याच्या बुडाला ब्लेडने उभे छेद देऊन लावावा. पिशवीत लावताना गवताचा गाभा मातीच्या पातळीवर येईल इतकेच खोल लावावे. भाजीचे रोप खोल लावण्याची आपल्या मजुरांची सवय इथे घात करते, कारण गवताचा वाढीचा बिंदू बुडाशी असतो आणि तो मातीखाली गेला की सडतो. पाने १० सेंटिमीटरवर छाटून टाकावीत. रोप केविलवाणे दिसते, परंतु आठवड्यात नवे पान येते.

पाण्याचा प्रश्न मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार फॉगरची तोंडे बुजवतात, पानांवर पांढरी पूड धरते, आणि माध्यमाचा सामू (पीएच) वाढून नव्या पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा पडतो. ऊसवाले ज्याला केवडा म्हणतात तोच हा लोहाच्या कमतरतेचा प्रकार. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेटची संध्याकाळची फवारणी वाढलेल्या रोपांना चालते. कोवळ्या रोपांवर त्याहून सौम्य, शक्यतो चिलेटेड लोह वापरावे. शेडनेटखाली लाल पानांचा रंग फिका पडणे ही वेगळी बाब आहे. तो प्रकाशाचा परिणाम आहे, त्यावर औषध मारण्यात पैसा घालवू नये. निदान कांड्यांच्या फवाऱ्यासाठी तरी टाकीत साठवलेले पावसाचे पाणी वापरता आले तर उत्तम. कोकोपीट स्वस्त मिळाले म्हणून धुतल्याशिवाय वापरू नये. विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे प्रमाण, मापकाने तपासून ती मीटरला १ डेसीसायमनच्या खाली येईपर्यंत धुवावे, आणि शेवटच्या पाण्यात थोडे कॅल्शियम नायट्रेट टाकून रात्रभर भिजत ठेवावे, म्हणजे चिकटलेले सोडियम सुटते.

माळरान (बार्शी)

बियांच्या पाकिटांबद्दल सावलीपट्टा यांनी व्यवहाराच्या बाजूने लिहिले. मला दुसरी बाजू मांडायची आहे. साधे फाउंटन गवत मूळचे आफ्रिकेच्या उत्तर व पूर्व भागातले आणि नैर्ऋत्य आशियातले आहे. कमी पावसाच्या, उघड्या, खडकाळ जमिनीत ते आपले आपण पसरते. त्याला परागीभवनावाचून बी धरू शकते, म्हणजे एकच ठोंबही पुरे, आणि पिसासारखे हलके बी वाऱ्याबरोबर व वाहनांबरोबर रस्त्याच्या कडेने दूरवर जाते. हवाई बेटांत, ॲरिझोनात आणि दक्षिण आफ्रिकेत ते उपद्रवी तण ठरले आहे. वाळलेले गवत वणव्याला इंधन पुरवते आणि वणव्यानंतर तेच प्रथम उगवते, त्यामुळे स्थानिक वनस्पती मागे हटतात. युरोपीय संघाने २०१७ मध्ये आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश केला.

आपल्या सोलापूरची हवा त्याला या सर्व ठिकाणांइतकीच मानवेल. सोलापूर–बार्शी रस्त्यावर नान्नज येथे माळढोक अभयारण्य आहे, १९७९ साली ते घोषित झाले, आणि त्याची सारी किंमत तिथल्या गवताळ माळात आहे. रस्त्याकडेच्या संकुलात बी धरणारे फाउंटन गवत लावून त्या माळाच्या दिशेने बियांची वाट मोकळी करणे मला योग्य वाटत नाही. म्हणून ती पाकिटे पेरू नयेत. 'रुब्रम' लावण्यास माझी हरकत नाही, कारण ते वांझ आहे. फक्त प्लग रोपे विकत घेताना ती खरोखर त्याच वाणाची आहेत याची खात्री करून घ्यावी. लहानपणी उघड्या उन्हातही पाने हिरवी राहिली तर संशय घ्यावा.

आता थोडे आराखड्याबाहेरचे. ज्या पेनिसेटम कुळीची आपण चर्चा करतो आहोत ती २०१० मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी सेंक्रस या कुळीत विलीन केली, आणि आपले अंजन गवत त्याच सेंक्रसमधले आहे. म्हणजे बागेसाठी दूरदेशीचा भाऊबंद आणायचा आणि दारातला विसरायचा, असे आपण करतो. (न्याय दोन्हीकडे सारखा असावा म्हणून सांगतो, आपल्या माळावर उपयोगी असलेले हेच अंजन ॲरिझोनात आणि ऑस्ट्रेलियात तण झाले आहे.) कुंपणाच्या मागच्या बाजूला, जिथे रोज कोणी पाहत नाही, तिथे अंजन, मारवेल आणि पवन्या या देशी गवतांचा मिश्र पट्टा लावला तर पहिल्या पावसाळ्यानंतर त्याला पाण्याची गरज जवळजवळ राहत नाही. नोव्हेंबरात त्याचा रंग सोनेरी-तांबूस होतो, तो आराखड्यातल्या लालीला शोभून दिसेल.

अभिवृद्धीच्या दृष्टीने या तिघांचे स्वभाव निराळे आहेत. मारवेलचे दांडे जमिनीला टेकले की पेऱ्यावर मुळे धरतात, म्हणून त्याच्या मुळे असलेल्या कांड्या पावसाळ्यात थेट लावता येतात. अंजनाचे ताजे बी सहसा उगवत नाही, कारण त्याला काही महिन्यांची सुप्तावस्था असते. गेल्या हंगामात गोळा करून कोरडे ठेवलेले बी घ्यावे. त्याचे बी लवदार असल्याने ट्रेमध्ये मोजून पडत नाही, म्हणून माती, शेण आणि थोडी वाळू यांत कालवून गोळ्या करतात. पवन्याचे मी ठोंबच लावतो. कुसळीगवत दिसायला या सर्वांत देखणे आहे, परंतु त्याची कुसळे कपड्यांत आणि कुत्र्यांच्या अंगात घुसतात, तेव्हा मुले खेळतात त्या संकुलात ते नको. उताराच्या टोकाला माती धरण्यासाठी वाळा लावावा. त्याच्या ठोंबातून दोन-तीन फुटव्यांच्या जुड्या सोडवून, पाने वीतभर व मुळे दोन बोटे ठेवून छाटाव्यात आणि वाफसा असताना लावाव्यात. लागवडीतला वाळा व्यवहारात बियांनी पसरत नाही.

होटगी रस्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. बियांची पाकिटे बाजूला ठेवली आहेत. आपल्या सांगण्यावरून ठोंब तपासले, तर बऱ्याच दांड्यांना तुरे आहेत, परंतु बुडाशी गाठी लागणारे आणि पोटरीत न आलेले दांडेही प्रत्येक ठोंबात निघत आहेत. एकच ठोंब कांड्यांसाठीही वापरावा आणि फोडावाही, असे करता येईल का, की दोन्हींसाठी वेगळे ठोंब राखावेत? आणि बाहेरून किती रोपे मागवावीत याचा अंदाज कसा बांधावा? ठोंबांपैकी चार-पाच ठोंबांच्या पानांवर गुलाबी पट्टे आहेत, ते वेगळे वाण आहे का, हेही कळावे.

एकडोळा (माळशिरस तालुका)

एकच ठोंब दोन्हींसाठी चालतो, कारण कांडी वरच्या दांड्याची असते आणि फोड खालच्या बुडख्याची. क्रम तेवढा पाळावा. आत्ता तुरे आलेले दांडे बुडापासून कापून टाकावेत आणि ठोंबाला पाणी व थोडे गांडूळखत द्यावे. जे लायक दांडे आहेत त्यांचे शेंडे खुडून आठ-दहा दिवस तसेच उभे ठेवावेत. शेंडा गेला की बाजूचे डोळे फुगू लागतात, आणि फुगलेला डोळा लवकर फुटतो; उसात बेणे मळ्यातही हेच करतात. फेब्रुवारीच्या मध्याला त्या कांड्या लावाव्यात, आणि दोन आठवड्यांत राहिलेले दांडे काढून झाले की ठोंब छाटून, उचलून, सावलीपट्टा यांनी सांगितले तसे फोडावेत. फोडलेले तुकडे ट्रेमध्ये नव्हे, थेट ६ बाय ८ इंचाच्या पिशवीत जातील.

गणित असे मांडता येईल. दर ठोंबाला दहा दांडे लायक निघाले आणि प्रत्येकाच्या दोन कांड्या झाल्या, तर ८०० कांड्या होतात. नवख्याने दीडशे कांड्यांमागे शंभर रोपे धरावीत, म्हणजे सुमारे ५३० रोपे. दर ठोंबाचे आठ तुकडे धरले तर ३२०. ही दोन्ही मिळून ८५० होतात. मागणी १२०० ची असली तरी नांगी भरण्यासाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावण्यासाठी, १०० रोपे हाताशी लागतातच, तेव्हा ४५० प्लग रोपे बाहेरून मागवावीत. ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतील अशी सांगावीत; एप्रिलअखेर प्रवास करून आलेला ट्रे आपल्या उन्हात उतरवण्यात अर्थ नाही. ऊतीसंवर्धित रोपे असतील तर ती कणखर केलेली, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावलेली, आहेत का, आणि किती दिवस प्रयोगशाळेबाहेर आहेत, हे आधी विचारावे.

गुलाबी पट्ट्यांचे गवत 'फायरवर्क्स' हे वाण असावे. ते 'रुब्रम'मधूनच निघालेले आहे आणि वांझच आहे. त्यात मधूनच साध्या लाल पानांचे फुटवे येतात. पट्टे टिकवायचे असतील तर कांडी आणि फोड दोन्ही पट्टे असलेल्या फुटव्यांचीच घ्यावी आणि साधे फुटवे मुळासकट काढावेत. या कामासाठी मात्र ते ठोंब वेगळे ठेवावेत, एका पट्ट्यात दोन रंग मिसळले तर ठेकेदार हरकत घेईल. ते वगळल्यावर वरच्या हिशेबातली साधारण १०० रोपे कमी होतील, तेवढी प्लगची मागणी वाढवावी.

एप्रिल आणि मे हाच खरा कसोटीचा काळ आहे. काळ्या पिशवीची उन्हाकडची बाजू इतकी तापते की त्या अंगाची मुळे मरतात, म्हणून पिशव्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि पश्चिमेकडच्या कडेला पाचट किंवा ओल्या गोणपाटाचा आडोसा करावा. ५० टक्के शेडनेट मेअखेरपर्यंत राहू द्यावी. पाणी पहाटे द्यावे. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारखे असलेले) लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा पुरते. नत्राचा जोर केला तर पाने लांबून लोळतात आणि गाडीत भरताना मोडतात. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून शेडनेट टप्प्याटप्प्याने काढावी, म्हणजे लालीही परत येईल.

सावलीपट्टा (विजापूर रस्ता)

या हिशेबात एक दुरुस्ती सुचवतो. पट्ट्यातले अंतर आधी वास्तुरचनाकाराकडून लेखी घ्यावे. 'रुब्रम' पूर्ण वाढल्यावर मीटरभर उंच आणि जवळपास तितकेच रुंद होते, त्याला ६० सेंटिमीटर अंतर योग्य ठरते. अनेक आराखड्यांत पहिल्याच दिवशी भरगच्च दिसावे म्हणून ३० सेंटिमीटर लिहिलेले असते, आणि मग दुसऱ्या वर्षी मधले गवत पिवळे पडून निम्मे उपटावे लागते. अंतर ४५ सेंटिमीटरवर जरी मान्य झाले, तरी १२०० हा आकडा बराच खाली येईल आणि बाहेरून मागवायच्या रोपांचा खर्च कदाचित पूर्णच वाचेल.

काळ्या मातीत लावताना खड्ड्यात मुरूम मिसळावा आणि गवत वाफ्याच्या पातळीपेक्षा किंचित उंचवट्यावर बसवावे. सप्टेंबरातल्या परतीच्या पावसात पाणी चार दिवस साचून राहते, आणि उन्हाळ्यात जगलेले गवत त्या साचलेल्या पाण्यात मरते. ठेकेदाराशी बोलताना वार्षिक छाटणीचीही अट घालून घ्यावी: दर फेब्रुवारीत १५ सेंटिमीटरवर छाटणी, आणि छाटलेले लायक दांडे आपल्याकडे परत.

होटगी रस्ता

अंतराविषयी आजच विचारणा केली. त्यांच्या आराखड्यात ३० सेंटिमीटरच लिहिलेले आहे. ४५ चा प्रस्ताव लेखी पाठवला असून, त्यासोबत मागच्या कुंपणासाठी मारवेल आणि अंजनाच्या पट्ट्याचाही उल्लेख केला आहे. उत्तर येईपर्यंत प्लग रोपांची मागणी थांबवली आहे. दांड्यांचे शेंडे मात्र उद्या सकाळी खुडतो.